संवरणी : एका न बोललेल्या स्नायूविषयी

पोटाच्या तक्रारींसाठी मराठीत शब्दांची वानवा नाही. हगवण, आव, मुरडा, संग्रहणी, गुबारा, बद्धकोष्ठ, मूळव्याध, भगंदर. जुनी घरगुती वैद्यकाची पुस्तके जमवणे आणि वाचणे हा माझा वीसेक वर्षांचा उद्योग आहे, आणि त्यांच्या अनुक्रमणिकांत हे शब्द मला नेहमी भेटतात. पण मोठ्या, शहाण्यासुरत्या माणसाला शौचाचा वेग धरवत नाही, नकळत कपडे खराब होतात, या गोष्टीला रोजच्या बोलण्यातला एक धड शब्द नाही. 'धरवत नाही', 'कळलंच नाही', 'कपड्यात झालं' अशा तुटक वाक्यांवर आपण भागवतो, तीही कुजबुजत. 'मलविसर्जनावरील नियंत्रण जाणे' असे कोणी आपल्या सुनेला सांगेल असे वाटत नाही.

ज्याला शब्द नाही ते दुखणे सांगता येत नाही, आणि जे सांगता येत नाही त्यावर उपाय आहे हेही कानावर येत नाही. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या तर घरात राहणाऱ्या, एरवी धडधाकट प्रौढांपैकी सुमारे ८ टक्क्यांना हा त्रास कमीअधिक प्रमाणात असतो असे दिसते. म्हणजे साधारण बारा-तेरा जणांत एक. स्त्रिया थोड्या जास्त, पण पुरुष फार मागे नाहीत. हा अंक ज्या हातांत पडेल त्यांत असे हात नक्की असतील. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठी, हा लेख आहे. मी डॉक्टर नाही. कोणत्याही विद्यापीठाशी माझा संबंध नाही. मी या विषयाकडे वळले ती वाचनामुळे नव्हे, गरजेपोटी.

घाटातला प्रसंग

काही वर्षांपूर्वी एका जुन्या बाडासाठी मी पुण्याहून वाईला निघाले होते. बस खंबाटकीचा घाट चढत असताना पोटात कळ आली. कळ नवी नव्हती. नवे हे होते की पुढच्या मिनिटभरात काय करायचे ते माझ्या हातात राहिले नाही. वय बावन्न, अंगात चांगली सुती साडी, मांडीवर नोंदवह्यांची पिशवी. शेजारच्या बाईंनी खिडकी उघडली आणि बाहेर बघत राहिल्या. त्यांचे ते बाहेर बघणे मी अजून विसरलेले नाही. त्यात दया होती, आणि तीच सोसवेना. वाईला उतरले, स्थानकावर जमेल तसे आवरले, शाल गुंडाळली आणि बाड न बघताच परत फिरले. घरी सांगितले, ताप वाटला.

पुढची दोन-अडीच वर्षे मी माझे काम शौचालयांच्या नकाशाप्रमाणे आखले. ज्या वाचनालयात स्वच्छ शौचालय नाही तिथे जायचे नाही. निघायच्या आदल्या रात्री जेवायचे नाही. एका परिसंवादाला होकार देऊन ऐनवेळी नकार कळवला. भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला गेले नाही. बहिणीने ते मनाला लावून घेतले आणि तिचे चुकले असे मला म्हणता येत नव्हते. एका डॉक्टरांकडे धीर करून विषय काढला, तर "वय झालं की चालायचंच" एवढे उत्तर मिळाले. मी ते खरे मानले. ते खरे नव्हते.

दार बंद कसे राहते

मोठ्या आतड्याच्या शेवटी मलाशय, आणि त्याच्यापुढे गुदमार्ग. हा मार्ग जेमतेम चार सेंटिमीटरांचा, म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढा. एवढ्याशा जागेत निसर्गाने तीन व्यवस्था केल्या आहेत.

पहिली आतली वळी. हा गोल स्नायू आपल्या इच्छेने चालत नाही. हृदयासारखा आपणहून काम करतो. आपण झोपेत असताना, बोलताना, हसताना दार बंद राहते ते मुख्यतः त्याच्यामुळे. दुसरी बाहेरची वळी. ही आपल्या इच्छेने आवळता येते, पण हातातल्या मुठीसारखी लवकर थकते. पूर्ण जोराने मिनिटभरही टिकत नाही. तिसरी व्यवस्था म्हणजे पुढच्या जांघेच्या हाडापासून निघून मलाशयाच्या मागून वळसा घेऊन परत पुढे येणारी स्नायूची पट्टी. गोफणीने दगड धरावा तशी ती मलाशयाला पुढे ओढून धरते, त्यामुळे मलाशय आणि गुदमार्ग यांच्यात जवळजवळ काटकोन होतो. पाण्याच्या नळीला मुरड घातली की धार थांबते, तसे हे. उकिडवे बसले की ही मुरड बरीच सुटते. आपल्या जुन्या बैठकीच्या शौचकूपात कुंथावे कमी लागते त्याचे कारण हेच.

ही पट्टी ज्या मोठ्या स्नायूंच्या जाळीचा भाग आहे, ती पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखी ताणलेली असते. इंग्रजीत तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मराठीत ओटीपोटाचा तळ म्हणू. मूत्राशय, गर्भाशय, मलाशय या तळावर टेकलेले असतात.

पण स्नायूंपेक्षा मला थक्क केले ते इथल्या संवेदनेने. मलाशयात काही उतरले की आतली वळी क्षणभर आपोआप सैल होते. विल्यम गॉवर्स या इंग्लिश वैद्याने ही प्रतिक्षिप्त क्रिया १८७७ मध्ये नोंदवली. सैल झालेल्या त्या क्षणात आतल्या ऐवजाचा किंचित नमुना गुदमार्गाच्या वरच्या टोकापर्यंत येतो. तिथे स्पर्श, वेदना, उष्णता जाणणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांची दाटी असते, हे डथी आणि गेअर्न्स यांनी १९६० मध्ये दाखवले. आलेला ऐवज वायू आहे, पातळ आहे की घट्ट, याचा निवाडा तिथे होतो. तेवढ्या वेळात बाहेरची वळी आवळलेली राहते. वायू असेल तर सोडायचा की नाही ते आपण भोवतालची माणसे पाहून ठरवतो. मल असेल आणि वेळ सोयीची नसेल तर मलाशय थोडे सैलावते आणि वेग शमतो. दिवसातून कितीदा तरी हा कारभार चालतो आणि आपल्याला त्याची दखलही नसते.

या भागाची मुख्य नस कण्याच्या तळाकडच्या, त्रिकास्थीतल्या मुळांपासून येते. तिचे वैद्यकातले नाव प्युडेंडल. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'जिची लाज वाटावी ती'. आपणही या भागाला 'गुह्य', म्हणजे लपवण्याजोगा, म्हणतो. दोन दूरच्या भाषांनी शरीराच्या एकाच भागावर एकच पडदा टाकलेला पाहून मला हसूही आले आणि थोडे वाईटही वाटले.

बिघाड कुठे होतो

तक्रारीचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात माणसाला काही कळतच नाही. नंतर कपड्यावर डाग दिसतो. इथे आतली वळी कमकुवत असते किंवा संवेदना मंदावलेली असते. दुसऱ्यात कळते, पण थांबवता येत नाही. शौचालय दहा पावलांवर असते आणि पाच पावलांतच हार होते. इथे दोष बहुधा बाहेरच्या वळीत असतो. घाटातला माझा प्रकार हा दुसरा.

कारणे पुष्कळ. मधुमेहाने नसांवर होणारा परिणाम, मूळव्याध किंवा भगंदराच्या शस्त्रक्रियेत वळीला लागलेला धक्का, ओटीपोटाला दिलेला किरणोपचार, मणक्याचे विकार, अर्धांगवायू, जुनाट जुलाब. पण स्त्रियांच्या बाबतीत एक कारण फार काळ डोळ्यांआड राहिले. १९९३ मध्ये अब्दुल सुलतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये बाळंतपणापूर्वी आणि नंतर गुदमार्गाची अल्ट्रासाउंड तपासणी केली. पहिलटकरणींपैकी ३५ टक्क्यांच्या वळीत बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी दोष आढळला. चिमटा लावून बाळंत झालेल्या दहा जणींपैकी आठ जणींत तो होता. बाहेरून टाके नीट घातलेले, जखम भरलेली. आत मात्र स्नायूचे कडे तुटलेले. यांतल्या बऱ्याच जणींना तेव्हा काहीच त्रास नव्हता.

माझी मुलगी १९९३ सालीच जन्मली, आणि चिमटा लावूनच. हा निबंध मी बऱ्याच वर्षांनी वाचला तेव्हा त्यातल्या दहा बायकांत जणू मी अकरावी बसले होते. दोष तरुणपणी का जाणवत नाही? कारण बाकीचे स्नायू भार उचलतात. मग चाळिशी-पन्नाशी येते, पाळी जाते, स्नायूंचे बळ ओसरते, वर्षानुवर्षे कुंथण्याने नस ताणली जाते, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचे बिल तेव्हा हातात पडते. म्हणूनच 'वय झालं' हे निदान अर्धवट आहे.

मूळबंधापासून केगेलपर्यंत

स्वतःसाठी वाचायला लागले तेव्हा पहिल्यांदा मी माझ्या ओळखीच्या गल्लीत गेले. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्शाच्या प्रकरणात गुदाचे वर्णन आहे. लांबी साडेचार अंगुळे, आत तीन वळ्या: प्रवाहणी, विसर्जनी आणि संवरणी. पहिली ढकलणारी, दुसरी सोडणारी, तिसरी मिटणारी. आजच्या शरीररचनेशी या तिन्हींची जोडी काटेकोर लावण्याचा हट्ट मी धरणार नाही. पण कामावरून नाव देण्याची ही रीत मला आवडते. 'सावरणे' हे आपले रोजचे क्रियापदही याच संवरणाच्या कुळातले. पदर सावरावा, तोल सावरावा, तसे हे.

हठयोगाच्या ग्रंथांत याच स्नायूंचा व्यायाम आहे. हठयोगप्रदीपिकेतला मूळबंध म्हणजे टाचेने शिवणीवर दाब देऊन गुद आवळणे; घेरंडसंहितेतली अश्विनी मुद्रा म्हणजे गुद पुन्हा पुन्हा आवळणे आणि सोडणे. 'आपल्याकडे हे सगळे होतेच' असे म्हणायचा मोह इथे होतो. तो आवरावा असे मला वाटते. त्या साधकांचा हेतू अपानाला वर नेण्याचा होता. बाळंतपणात वळी फाटलेली बाई त्यांच्या समोर नव्हती. स्नायू तोच, प्रश्न वेगळा.

प्रश्न बायकांचा म्हणून पुढे आला तो विसाव्या शतकात. मार्गारेट मॉरिस ही ब्रिटिश नर्तकी. तिने फिजिओथेरपीचेही शिक्षण घेतले आणि १९३६ मध्ये बाळंतिणींसाठी आणि शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसाठी व्यायामाचे पुस्तक लिहिले. ओटीपोटाचा तळ आवळणे-सोडणे त्यात आहे. पुढे १९४८ मध्ये लॉस एंजेलिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी आपला प्रसिद्ध निबंध छापला आणि व्यायामाला त्यांचेच नाव चिकटले. केगेल यांचे रुग्ण लघवी न धरवणाऱ्या बायका होत्या. त्यांनी रबरी पिशवी आणि दाबमापक जोडून एक साधन केले होते; बाईने स्नायू आवळला की काटा हलायचा. दिवसातून तीनदा वीस-वीस मिनिटे सराव. आज 'केगेल' म्हणून जे सांगितले जाते त्यात हा काटा गळून पडला आहे, आणि तोच महत्त्वाचा होता.

कारण १९९१ मध्ये अमेरिकेत ४७ बायकांना तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करायला सांगितला, तेव्हा जेमतेम निम्म्या जणींना तो नीट जमला. चौथा हिस्सा बायका उलट अशा तऱ्हेने जोर लावत होत्या की त्रास वाढावा. त्यांना वाटत होते आपण आवळतो आहोत, प्रत्यक्षात त्या कुंथत होत्या. मीही चार महिने मासिकातले चित्र पाहून तेच करत होते, हे मला नंतर कळले.

फिजिओथेरपिस्टने काय केले

एका मैत्रिणीच्या मुलीने नाव सुचवले आणि मी गेले. पहिली भेट तासाभराची, आणि तीत अर्धा वेळ नुसते प्रश्न. किती वेळा, केव्हा, पातळ की घट्ट, कळते की नाही, बाळंतपणे किती, कशी. ब्रिस्टलच्या लुइस आणि हीटन यांनी १९९७ मध्ये मांडलेला मलाच्या सात प्रकारांचा तक्ता तिने समोर ठेवला: एक म्हणजे शेळीच्या लेंड्यांसारखा, सात म्हणजे नुसते पाणी. मी बोट ठेवले. इतकी वर्षे जे उच्चारता येत नव्हते ते बोट ठेवून सांगता आले, यानेच मला अर्धे बरे वाटले.

मग तपासणी. परवानगी विचारून, हातमोजा घालून, एका बोटाने. किती जोर आहे, किती सेकंद टिकतो, किती वेळा जमतो, झटकन आवळता येते का, अशी नोंद. हाच खरा पाया. "वायू अडवताय असं करा. श्वास रोखू नका. कुल्ले, मांड्या, पोट ढिलं सोडा." माझी पकड पाचांपैकी दोन, आणि टिकायची तीन सेकंद.

त्यावरून व्यायाम ठरला. तो असा. पूर्ण जोराने आवळून जमतील तितके सेकंद धरायचे, तेवढीच किंवा दुप्पट विश्रांती, असे आठ-दहा वेळा. मग अर्ध्या जोराने जास्त वेळ धरायचे, कारण रस्त्यात शौचालय गाठायला क्षणाचा जोर पुरत नाही, टिकाऊ पकड लागते. शेवटी झटपट आवळा-सोडा, शिंक-खोकल्यासाठी. दिवसातून तीन वेळा. आधी पडून, मग बसून, मग उभ्याने. सोडणे हाही व्यायामाचा भाग आहे, हे ती दरवेळी सांगायची. सतत आवळून ठेवलेला स्नायू दमलेलाच असतो. पकड सहाव्या-सातव्या आठवड्यात थोडी बदलली. स्नायूला निदान तीन महिने द्यावे लागतात. हात-पायांच्या स्नायूंनाही तेवढेच लागतात.

दुसरे काम वेगाशी ओळख करून घेण्याचे. घाबरलेला माणूस पहिल्या कळेला पळत सुटतो. पळताना पोटावर दाब येतो, स्नायू सुटतो आणि व्हायचे तेच होते. म्हणून आधी शौचालयात बसूनच एक मिनिट थांबायचे. ते जमले की पाच, मग दहा. मग दाराबाहेर खुर्ची, मग शेजारची खोली. कळ लाटेसारखी येते आणि ओसरतेही, हे अंगाला कळावे लागते. इथे माझ्यातली जुनी पुस्तके वाचणारी बाई अडली. चरकाच्या सूत्रस्थानात वेग अडवू नयेत यासाठी सबंध अध्याय आहे. घराघरांत तेच सांगतात. पण तो सल्ला वेग येऊनही टाळणाऱ्या माणसाला आहे. ज्याला वेग धरताच येत नाही त्याला पाच मिनिटांची मुदत मिळवून देणे म्हणजे वेगधारण नव्हे. बद्धकोष्ठ असलेल्याने मात्र हा सराव करू नये.

तिसरे काम मलाचे. पातळ ऐवज धरणे बळकट स्नायूलाही अवघड. इसबगोल मी फक्त बद्धकोष्ठाचे औषध समजत होते. त्याचा भुसा पाणी धरून ठेवतो; म्हणून घट्ट मलाला भरपूर पाण्याबरोबर तो मऊ करतो, तसा पातळ मलाला बांधूनही ठेवतो. चहा-कॉफीने काहींचे आतडे चाळवते. माझे दिवसाचे पाच चहा दोनांवर आले. जेवणानंतर मोठे आतडे आपोआप हलते, म्हणून सकाळच्या न्याहारीनंतर ठरलेल्या वेळी बसायची सवय लावली. कमोडवर पायांखाली पाट, गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरे मांडीवर, कुंथायचे नाही. शौचानंतर नुसत्या पाण्याने धुऊन, न चोळता टिपून कोरडे करायचे, कारण सततच्या ओलीने कातडी जळते.

पुरावा काय सांगतो

माझा अनुभव एकटीचा. म्हणून प्रयोग शोधले, आणि ते माझ्या अपेक्षेइतके सरळ निघाले नाहीत.

१९७४ मध्ये बाल्टिमोरच्या एंगेल, निकूमानेश आणि शूस्टर यांनी सहा रुग्णांवर एक युक्ती केली. मलाशयात फुगा फुगवायचा, वळीचा दाब यंत्रावर दाखवायचा, आणि आलेख पाहून योग्य क्षणी आवळायला शिकवायचे. निकाल उत्साहवर्धक होते. यालाच बायोफीडबॅक म्हणतात. पुढची जवळजवळ तीस वर्षे हे तंत्र पसरले. मग २००३ मध्ये लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयात क्रिस्टीन नॉर्टन या परिचारिका-संशोधिकेने १७१ रुग्णांचे चार गट केले. एकाला नुसता सविस्तर सल्ला आणि समजावणी. दुसऱ्याला त्यासोबत व्यायाम. तिसऱ्याला रुग्णालयातले यंत्र. चौथ्याला घरीही यंत्र. चारही गटांत बहुतेकांना आराम पडला, तो वर्षभर टिकला, आणि चारही गट जवळजवळ बरोबरीत राहिले. व्यायामाने किंवा यंत्राने जास्तीचे काही पडले नाही.

हे वाचून मी हिरमुसले. एवढे तीन-तीन वेळा आवळून मिळवले ते काय? पण २००९ मध्ये अमेरिकेतल्या हेमन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग आला. त्यांनी आधी सगळ्यांना माहिती आणि औषधोपचार दिला. ज्यांना तेवढ्याने पुरेसा गुण आला नाही अशा १०८ जणांनाच पुढे घेतले. तीन महिन्यांनी पुरेसा आराम सांगणारे बायोफीडबॅकच्या गटात ७६ टक्के होते, नुसत्या व्यायामाच्या गटात ४१ टक्के. पुन्हा २०१९ मध्ये ३०० स्त्रियांच्या प्रयोगात माहितीपत्रक मिळालेल्यांपेक्षा बायोफीडबॅकवाल्या सरस ठरल्या नाहीत. सुधारल्या मात्र सगळ्याच.

या विसंगतीतून मी काढलेला अर्थ असा. पहिली पायरी यंत्राची नाही. कोणीतरी वेळ देऊन ऐकणे, मल सुधारणे, बसण्याची रीत, वेगाची भीती घालवणे, यानेच बराच मोठा वाटा पडतो. तेवढ्याने न भागलेल्यांसाठी शिकवलेला व्यायाम आणि यंत्र. आपल्या दृष्टीने ही बातमी वाईट तर नाहीच, फार चांगली आहे. यंत्र जिल्ह्याच्या गावी पोचायला वेळ लागेल. तासभर ऐकणारी, नीट शिकलेली परिचारिका किंवा फिजिओथेरपिस्ट त्यापेक्षा लवकर पोचू शकते. मुंबईत १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिओच्या साथीनंतर केईएम रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. ते मुलांचे लुळे पाय पाहून. न दिसणाऱ्या या स्नायूसाठी काम करणाऱ्या आजही मोजक्या आहेत, आणि त्याही बहुतेक मोठ्या शहरांत.

मर्यादा, आणि धोक्याच्या खुणा

व्यायाम सगळ्यांना पुरत नाही. वळी बरीच फाटलेली असेल तर शस्त्रक्रियेने जोडावी लागते. काहींना त्रिकास्थीतल्या नसेला मंद विद्युत चेतना देणारे उपकरण बसवतात. या तक्रारीसाठी ते प्रथम वापरल्याचा वृत्तांत जर्मनीतल्या मात्झेल यांनी १९९५ मध्ये दिला. ते महाग आहे आणि सर्वांसाठी नाही.

काही खुणा दिसल्या तर व्यायामाच्या नादी न लागता आधी डॉक्टर गाठावा: मलातून रक्त, शौचाच्या सवयीत नव्याने झालेला आणि टिकून राहिलेला बदल, कारण नसताना वजन उतरणे. आणि कंबरदुखीबरोबर एकाएकी शौच-लघवीचा ताबा गेला, किंवा बसण्याच्या जागी बधिरपणा आला, तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय. तिथे मणक्यातल्या नसा दबलेल्या असू शकतात.

घरच्या वृद्धांविषयी एक गोष्ट अगत्याने सांगते. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना 'सारखी हगवण' लागते, तेव्हा पुष्कळदा आत कडक खडा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपत असते. हगवण समजून जुलाब थांबवणारी गोळी दिली तर खडा आणखी पक्का होतो. आधी तपासणी, मग औषध.

आता

माझे म्हणाल तर, दहा महिन्यांनी पकड दोनावरून चारावर आली, तीन सेकंदांची नऊ झाली. पूर्ण बरी झाले असे म्हणणार नाही. पोट बिघडले की अजून धास्ती वाटते. पिशवीत कपड्यांचा एक जोड असतोच. पण मागच्या पावसाळ्यात मी वाईला जाऊन ते बाड पाहून आले. बहिणीला खरे कारण सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "अगं, मलाही होतं." तिला माझ्याहून चार वर्षे आधीपासून होते.

दिवाळीत घरोघरी माणसे एकत्र येतात. कोणी काकू, कोणी आजोबा हल्ली कुठे येत नाहीत, प्रवास टाळतात, जेवणाच्या पंगतीतून लवकर उठतात, असे दिसले तर त्याचा अर्थ मानपान किंवा म्हातारपणाचा लहरीपणा असा चटकन लावू नये. एकांतात, सहज, एवढेच विचारावे: "धरायला त्रास होतो का?" उत्तर लगेच येईलच असे नाही. पण प्रश्न विचारणारे कोणी आहे, आणि त्यावर उपाय आहे, हे त्यांना कळलेले असेल.